डांग्या खोकला आणि बाळाची लस

मंडळी, डांग्या खोकला हे नाव आपण सगळ्यांनी ऐकले आहे. घरातल्या जुन्या माणसांनी तर हा रोग डोळ्यांनी पाहिला आहे. मूल खोकायला लागते. खोकता खोकता त्याचा दम संपतो. तोंड लालबुंद होते. डोळ्यांना पाणी येते. मग ते एकदम श्वास आत ओढते. त्या वेळी 'हूप' असा आवाज होतो. खोकल्याची उबळ संपता संपता ओकारी होते. मूल थकून पडते. घटकाभराने पुन्हा तेच. असे दोन दोन, तीन तीन महिने चालते.

आता हा खोकला पूर्वीइतका दिसत नाही. आजच्या तरुण आयांनी तो बहुधा पाहिलेलाही नसतो. म्हणून मनात शंका येते. जो रोग दिसत नाही, त्याची लस कशाला? आणि लस टोचली, तर रोग खरोखर टळतो का? किती टळतो?

या प्रश्नांची उत्तरे या पाठात आपण पाहू. खरे असेल तेच सांगू. लसीचे गुण सांगू, तिची मर्यादाही सांगू.

एका घरातली गोष्ट

एक घर डोळ्यांपुढे आणा. घरात दीड महिन्याचे बाळ आहे. त्याचा थोरला भाऊ सहा वर्षांचा आहे. आई आहे, बाप आहे, आणि बापाची आजी आहे. ती बाळाची पणजी.

एक दिवस आशाताई निरोप घेऊन आल्या. "वहिनी, उद्या अंगणवाडीत नर्सबाई येणार आहेत. बाळाला पहिला डोस द्यायचा आहे. कार्ड घेऊन या."

दुसऱ्या दिवशी आई बाळाला घेऊन निघाली. ओसरीवर बसलेल्या पणजीने तिला अडवले.

"कशाला गं त्या कोवळ्या जिवाला सुई टोचता? जरा अंगानं भरू दे की त्याला. टोचलं म्हंजे रातभर ताप येतो, पोर रडून रडून बेजार होतं. आन् थोरल्याला टोचलं व्हतं न्हवं? मग त्यो पंधरा दिस झाले का खोकतोय?"

आईला उत्तर सुचले नाही. ती परत फिरली. संध्याकाळी नर्सबाई आपणहून घरी आल्या.

"आजी, बाळाला का नाही पाठवलंत?"

पणजीने सकाळचेच बोलणे पुन्हा बोलून दाखवले. नर्सबाई रागावल्या नाहीत. त्या ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुमचे प्रश्न बरोबर आहेत. विचारलंत ते चांगलं केलंत."

पणजीचे प्रश्न तीन होते. लस टोचूनही खोकला होतो, मग उपयोग काय? इतक्या लहान बाळाला टोचायची घाई कशाला? आणि लसीने ताप येतो, त्यात धोका नाही का? हे प्रश्न पुष्कळ घरांत विचारले जातात. आपण एकेक प्रश्न घेऊ. पण आधी रोगाची माहिती करून घेऊ.

हा रोग कसा होतो

डांग्या खोकला नजर लागल्याने होत नाही. बाहेरच्या बाधेने होत नाही. थंड खाल्ल्यानेही होत नाही. तो एका जंतूमुळे होतो. हा जंतू इतका बारीक असतो की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. युरोपात बेल्जियम नावाचा देश आहे. तिथे झूल बोर्दे आणि ऑक्ताव्ह जांगू या दोन शास्त्रज्ञांनी १९०६ साली हा जंतू शोधून वेगळा काढला.

आपल्या श्वासनळीला आतून बारीक लव असते. शेतातले पीक वाऱ्याने हलते, तशी ती सारखी हलत असते. धूळ आणि बेडका ती वर ढकलते. छाती साफ ठेवण्याचे काम तिचे. डांग्या खोकल्याचे जंतू या लवेला चिकटतात आणि तिथे विष सोडतात. लव निकामी होते. चिकट बेडका आतच राहतो. तो बाहेर काढायला मूल खोकते. खोकून खोकून बेजार होते, पण बेडका निघत नाही. पुढे जंतू मेले तरी लव पुन्हा उगवायला आठवडेच्या आठवडे लागतात. म्हणून हा खोकला लवकर जात नाही.

रोगी खोकला की तोंडातून बारीक तुषार उडतात. त्यांतून जंतू दुसऱ्याच्या नाकातोंडात जातात. हा रोग फार झपाट्याने पसरतो. घरात एकाला झाला आणि बाकीच्यांना लसीचे किंवा आधीच्या आजाराचे संरक्षण नसले, तर दहांपैकी आठ-नऊ जणांना तो होऊ शकतो.

त्यात आणखी एक अडचण आहे. पहिला आठवडा दीड आठवडा हा रोग साध्या पडशासारखा दिसतो. नाक वाहते, थोडी खसखस असते. 'हूप' आवाज नसतो. पण त्याच दिवसांत तो सगळ्यांत जास्त पसरतो. मोठ्या माणसाला तर शेवटपर्यंत नुसता लांबलेला खोकलाच असतो. त्याला वाटते, हवा बदलली, एवढेच. तो बाळाला मांडीवर घेतो, मुका घेतो. बाळाला रोग लागतो.

तान्ह्या बाळाचा धोका वेगळा

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. मोठे मूल 'हूप' असा आवाज करते, कारण त्याच्या अंगात श्वास ओढायची ताकद असते. तान्ह्या बाळात ती ताकद नसते. म्हणून पुष्कळ वेळा तान्हे बाळ 'हूप' करतच नाही. कधी खोकतही नाही फारसे. ते दूध ओढायचे सोडते. मधेच त्याचा श्वास थांबतो. ओठ निळे पडतात. काहींना न्यूमोनिया होतो, काहींना झटके येतात.

डांग्या खोकल्याने मरणाऱ्यांत सगळ्यांत जास्त बाळे तीन महिन्यांच्या आतली असतात. हा रोग मोठ्यांना त्रास देतो, पण तान्ह्यांचा जीव घेतो. लसीचा सगळा विचार या एका गोष्टीवर उभा आहे.

लस म्हणजे काय

डांग्या खोकल्याच्या सरकारी लसीत मेलेले जंतू असतात. मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही. पण शरीर त्याची ओळख करून घेते. पुढे जिवंत जंतू आला की शरीर त्याला ओळखते आणि मारते.

ही ओळख एका दिवसात पक्की होत नाही. आपण अक्षरे कशी शिकलो ते आठवा. पहिल्या दिवशी 'क' गिरवला. दुसऱ्या दिवशी निम्मा विसरलो. पुन्हा गिरवला, पुन्हा गिरवला, तेव्हा कुठे हाताला वळण लागले. शरीराचेही तसेच आहे. पहिल्या डोसाने ओळख होते. दुसऱ्याने ती वाढते. तिसऱ्याने पक्की होते. आणि पुढे वाचन सोडले तर अक्षर विसरते, तशी काही वर्षांनी ही ओळखही फिकी पडते. म्हणून पुढे बूस्टर, म्हणजे उजळणीचा डोस, द्यावा लागतो.

पहिला प्रश्न : लसीचा उपयोग किती

लस उपयोगी आहे हे कसे कळले? त्याची गोष्ट अमेरिकेतली आहे. मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स नावाचे शहर आहे. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोन बाया काम करत. दोघी आधी शाळेत शिक्षिका होत्या. लहानपणी दोघींनाही डांग्या खोकला होऊन गेला होता. १९३२ साली त्यांनी या रोगाचे काम हाती घेतले. ते दिवस फार वाईट होते. कारखाने बंद पडले होते, लोकांच्या हाताला काम नव्हते. दिवसभराचे काम उरकून या दोघी संध्याकाळी गरिबांच्या घरी जात. रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात आजारी मुलाच्या तोंडापुढे ताटली धरत आणि त्याला तिच्यावर खोकायला सांगत. त्या जंतूंपासून त्यांनी लस बनवली.

मग त्यांनी लस पारखून पाहिली. ७१२ मुलांना लस टोचली. दुसरी ८८० मुले बिनलसीची होती. दोन्हींवर नजर ठेवली. बिनलसीच्या ८८० मुलांपैकी ४५ जणांना डांग्या खोकला झाला, तोही जोराचा. लस टोचलेल्या ७१२ पैकी फक्त ४ जणांना झाला, आणि तो सौम्य होता. म्हणजे बिनलसीच्या दर वीस मुलांमागे एकाला रोग झाला. लसवाल्या जवळजवळ पावणेदोनशे मुलांमागे एकाला झाला.

या आकड्यांत दोन गोष्टी दिसतात. लसीने रोग पुष्कळच टळला. पण अगदी शून्य झाला नाही. ज्या चौघांना झाला, त्यांना तो हलका गेला. आजही असेच आहे.

आता तान्ह्या बाळाचा हिशेब पाहू. समजा, लस नसती तर शंभर बाळांना हा रोग इतका जड गेला असता की दवाखान्यात ठेवावे लागले असते, किंवा जीवही गेला असता. त्या शंभर बाळांना एक डोस मिळाला असेल, तर त्यांतली सुमारे पन्नास या संकटातून वाचतात. दोन डोस मिळाले असतील, तर ऐंशी तरी वाचतात. तिसऱ्या डोसाने ही राखण आणखी वाढते आणि जास्त टिकते.

म्हणजे एक डोस ही अर्धी भिंत झाली. अर्ध्या भिंतीवरून चोर उडी मारू शकतो. 'एकदा टोचून आणलंय' म्हणून थांबू नये. भिंत पुरी करावी.

आपल्या देशाचा अनुभवही पाहा. १९७८ साली सरकारने मुलांना लसी देण्याची मोठी योजना सुरू केली. १९८५ पासून ती आणखी वाढवली. १९८७ साली देशात डांग्या खोकल्याचे सुमारे १ लाख ६३ हजार रोगी नोंदले गेले होते. २०१० साली ही नोंद सुमारे ४० हजारांवर आली. या काळात देशाची लोकसंख्या तर वाढलीच होती. तरी रोगी चौथ्या हिश्श्यावर आले.

मग थोरला का खोकतो? त्याची दोन कारणे असू शकतात. एक, त्याचा खोकला साधाच असेल. ते डॉक्टरांनी तपासून सांगायचे. दुसरे, लसीची राखण जन्मभर टिकत नाही. काही वर्षांनी ती कमी होते. नर्सबाईंनी थोरल्याचे कार्ड मागितले. आईने ते पत्र्याच्या पेटीतून काढून दिले. पहिल्या तीन डोसांपुढे तारखा होत्या. दीड वर्षाच्या बूस्टरची जागा कोरी होती. पाच वर्षांचीही कोरी होती. अक्षर पहिल्या वर्षी शिकवले, पण उजळणी राहून गेली.

दुसरा प्रश्न : दीड महिन्यातच घाई कशाला

'जरा अंगानं भरू दे' असे म्हणणाऱ्या माणसाच्या मनात मायाच असते. पण रोग बाळाचे अंग भरण्याची वाट पाहत नाही. सगळ्यांत जास्त मरण तीन महिन्यांच्या आत आहे, हे आपण वर वाचले. बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर लस टोचली, तर सगळ्यांत धोक्याचे दिवस बिनलसीचेच गेले. पेरणी वेळेवर झाली तरच पीक हाती येते. लसीचेही तसेच आहे.

म्हणून सरकारी दवाखान्यात पहिला डोस सहा आठवडे पुरे झाले की देतात. दुसरा दहा आठवड्यांना आणि तिसरा चौदा आठवड्यांना. बायांच्या तोंडी हे सोपे झाले आहे : दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. पुढे दीड वर्षाच्या सुमाराला पहिला बूस्टर. पाच वर्षे पुरी झाल्यावर दुसरा.

पहिले तीन डोस आता 'पेंटा' लसीचे असतात. तिच्या एकाच सुईत पाच रोगांवरचा उपाय असतो. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, 'ब' प्रकारची कावीळ, आणि न्यूमोनिया व मेंदूज्वर करणारा हिब नावाचा जंतू. ही लस आपल्या देशात २०११ साली केरळ आणि तामिळनाडूत प्रथम सुरू झाली. मग ती सगळीकडे आली. पूर्वी त्रिगुणी लस असे. आताही बूस्टरला त्रिगुणी लसच देतात. आपल्या पुण्यात या लसी तयार होतात. सरकारी केंद्रात त्यांना पैसे पडत नाहीत.

तिसरा प्रश्न : ताप येतो, धोका नाही का

ताप येतो, हे खरे आहे. लस टोचल्यावर पुष्कळ बाळांना एक-दोन दिवस अंग गरम लागते. मांडीवर टोचलेली जागा लाल होते, सुजते, दुखते. बाळ किरकिर करते. शरीर जंतूची ओळख करून घेत असते, त्याचा हा त्रास आहे. तो आपोआप जातो. बाळाला अंगावर पाजत राहावे. तापाचे औषध नर्सबाई सांगतील तेवढेच द्यावे. टोचल्या जागी चोळू नये, शेकू नये, पाला बांधू नये.

लस टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबावे. क्वचित एखाद्या बाळाला जास्त त्रास होतो. ताप फार चढला, झटका आला, बाळ तीन तास न थांबता रडत राहिले किंवा मलूल पडले, तर लगेच दवाखान्यात न्यावे. पुढच्या डोसाच्या आधी ही गोष्ट नर्सबाईंना सांगावी. लपवू नये. साधे पडसे किंवा थोडी कणकण असली, तर मात्र डोस चुकवायचे कारण नाही.

काही शहरी दवाखान्यांत 'कमी तापाची' लस पैसे घेऊन मिळते. ती जंतूच्या काही भागांपासूनच केलेली असते. तिने ताप कमी येतो. पण तिची राखण लवकर फिकी पडते. म्हणून पैशाची लस ती चांगली आणि फुकटची ती हलकी, असे मुळीच समजू नये.

तापाच्या भीतीने लस सोडली तर काय होते? ते जपानमध्ये दिसले. १९७४ साली तिथे शंभरांतल्या ऐंशी मुलांना लस मिळत होती. त्या वर्षी साऱ्या देशात डांग्या खोकल्याचे ३९३ रोगी झाले आणि एकही मेला नाही. त्या हिवाळ्यात लस टोचल्यावर दोन मुले दगावली. लोक घाबरले. लस काही काळ थांबवली गेली. पुन्हा सुरू झाली, तरी लोक येईनात. १९७६ पर्यंत शंभरांतल्या दहाच बाळांना लस मिळू लागली. १९७९ साली तिथे १३ हजारांवर रोगी झाले आणि ४१ जण दगावले. मग १९८१ पासून जपानने कमी तापाची लस सुरू केली. मुलांना पुन्हा लस मिळू लागली आणि रोग पुन्हा मागे हटला.

दोन मुले गेली, त्यांच्या आईबापांचे दुःख लहान नव्हते. भीती वाटली, तेही समजण्यासारखे आहे. पण लस सोडल्याने जीव वाचले नाहीत. उलट जास्त गेले.

दीड महिन्याच्या आत बाळाला कोण राखणार

आता लसीची एक मोठी मर्यादा सांगतो. पहिले सहा आठवडे बाळाला ही लस देता येत नाही. पहिल्या डोसानंतरही राखण अर्धीच असते. मग या दिवसांत बाळाला कोण राखणार? आपणच.

घरात कोणाला खोकला असला, तर त्याने बाळाला जवळ घेऊ नये. मुका घेऊ नये. खोकताना तोंडावर पदर किंवा रुमाल धरावा. आईलाच खोकला असेल, तर तिने तोंडाला कापड बांधून बाळाला पाजावे. पाजणे बंद करू नये. घरातल्या मोठ्या भावंडांचे बूस्टर वेळेवर द्यावे. थोरल्याची लस ही धाकट्याची राखण असते.

दुसरा एक उपाय आहे. गरोदर बाईला डांग्या खोकल्याची लस दिली, तर तिच्या रक्तातली राखण पोटातल्या बाळाला मिळते. बाळ ती घेऊनच जन्माला येते. इंग्लंडमध्ये २०१२ साली या रोगाची मोठी साथ आली. तेव्हापासून तिथे गरोदर बायांना ही लस देतात. ज्या तान्ह्यांना हा रोग झाला असता, अशा शंभरांतली नव्वदच्या आसपास बाळे तिने वाचतात, असे तिथे दिसून आले. आपल्याकडे सरकारी केंद्रात गरोदर बाईला 'टीडी' लस मिळते. ती धनुर्वाताची आणि घटसर्पाची असते. ती घ्यावीच. पण तिच्यात डांग्या खोकल्याची लस नसते. ती खाजगी डॉक्टरांकडे पैसे देऊन मिळते. ज्यांना जमेल त्यांनी डॉक्टरांना विचारावे. ज्यांना जमणार नाही, त्यांनी वर सांगितलेली काळजी घ्यावी आणि पहिला डोस एक दिवसही लांबवू नये.

डोस चुकला तर

डोस चुकायची कारणे आपल्याला ठाऊक आहेत. बाळंतपणाला लेक माहेरी येते. कार्ड माहेरी राहते आणि बाळ सासरी जाते. ऊसतोडीला माणसे दिवाळीनंतर घर सोडतात, ती उन्हाळ्यात परततात. तेवढ्यात बाळाचे तीनही डोस टळून जातात.

म्हणून बाळ जाईल तिथे कार्ड न्यावे. भाकरीच्या टोपल्याबरोबर कार्डही बांधावे. कारखान्याच्या गावीही सरकारी दवाखाना असतो, तिथेही आशाताई आणि नर्सबाई असतात. तिथे डोस मिळतो. 'तुमचे गाव दुसरे' म्हणून कोणी परत पाठवू नये, आणि आपणही लाजू नये.

डोस चुकलाच, तर पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. जिथे थांबला तिथून पुढे चालू करतात. बाळ वर्षाच्या आत असेल तर पेंटा लस सुरू करता येते. वर्ष उलटले असेल, तर सात वर्षांपर्यंत त्रिगुणी लस देता येते. उशीर झाला म्हणून घरी बसू नये.

खोकला झालाच तर

दोन आठवड्यांवर खोकला टिकला, उबळ आली, 'हूप' झाले किंवा खोकल्यानंतर ओकारी झाली, तर मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. या रोगावर औषध आहे. ते लवकर घेतले तर रोग हलका जातो. उशिरा घेतले तर खोकला लगेच थांबत नाही, पण रोग दुसऱ्याला लागायचा थांबतो. औषध सुरू केल्यावर पाच दिवस मुलाला शाळेत पाठवू नये. डॉक्टर घरातल्या इतरांनाही औषध देतील, ते घ्यावे.

तान्ह्या बाळाचा श्वास अडला, ओठ निळे पडले किंवा त्याने दूध ओढायचे सोडले, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवावी, नाहीतर मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठावा. गंडा, उतारा, अंगारा यांत घटका घालवू नये.

पुन्हा त्या घरी

नर्सबाईंनी हे सगळे पणजीला सोप्या भाषेत सांगितले. पणजी ऐकत होती. तान्हे बाळ 'हूप' करत नाही, नुसते निळे पडते, हे ऐकले आणि तिचा हात थांबला. ती वाती वळत होती. जरा वेळाने ती म्हणाली,

"बाई, माझं तिसरं पोर असंच गेलं. दोन म्हैन्याचं व्हतं. थोरली दोघं खोकत व्हती, हूप हूप करत व्हती. ती वाचली. ह्यो खोकला बी न्हाई फारसा. राती दूध सोडलं, आन् पहाटं निळा पडला. आम्ही म्हणालो, बाहेरची बाधा झाली."

ओसरीवर कोणी काही बोलले नाही.

"आजी," नर्सबाई म्हणाल्या, "तुमची काही चूक नव्हती. तेव्हा तुमच्या गावाला ना लस आली होती, ना दवाखाना. आता दोन्ही आहेत."

पणजीने सुनेला हाक मारली. "अगं, त्या थोरल्याला आज माझ्यापाशी झोपव. बाळाजवळ जाऊ देऊ नको." मग नातवाकडे वळून म्हणाली, "आन् तू रं, उद्या कामावर जाऊ नको. दोघान्ला घेऊन दवाखान्यात जा."

दुसऱ्या दिवशी थोरल्याला डॉक्टरांनी तपासले. त्याचे औषध सुरू झाले. बाळाला डॉक्टरांनी नीट पाहिले आणि पहिला डोस मिळाला. रात्री बाळाला ताप आला. ते रडले. पणजी रात्रभर त्याच्या पाळण्याची दोरी ओढत बसली. तोंडाला तिने पदर बांधला होता. तिसऱ्या दिवशी ताप गेला.

कार्डावर पुढची तारीख लिहिली होती. आईने ती मोठ्याने वाचून दाखवली. पणजीला वाचता येत नाही. म्हणून तिने सुनेला भिंतीवरच्या कालदर्शिकेत त्या तारखेला कुंकवाचे बोट लावायला सांगितले.

तुमच्या घरी लहान बाळ असेल, तर आज त्याचे कार्ड काढा. तुम्हाला आता वाचता येते. कोणता डोस झाला, कोणता राहिला, ते स्वतः वाचून पाहा.

एवढे ध्यानात ठेवा

डांग्या खोकला मोठ्यांना छळतो, पण तान्ह्यांचा जीव घेतो.

एका डोसाने अर्धी राखण होते. तीन डोस पुरे करावे.

दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. मग दीड वर्ष आणि पाच वर्षे.

ताप दोन दिवसांत जातो. त्याच्या भीतीने लस सोडू नये.

खोकणाऱ्या माणसाने तान्ह्या बाळापासून दूर राहावे.

डोस चुकला तर पुढे चालू करावा. कार्ड बाळाबरोबर ठेवावे.